रात्रीचा वारा पियानोत कसा शिरला



आपल्या कार्यक्रमात आजवर आपण कर्ज, व्याज, शेळीपालन, रक्तातलं लोह, सातबाऱ्यावरचं नाव असे विषय घेतले. आजचा विषय वेगळा आहे. काही दिवसांपूर्वी एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, “अहो, टीव्हीवर नुसतं वाजवत बसतात, त्यात गाणं नाही, शब्द नाही. मग त्यातून सांगायचं काय असतं?” दुसरीने लगेच उत्तर दिलं, “ते आपल्यासाठी नसतंच. शिकलेल्यांसाठी असतं.”

प्रश्न मला फार आवडला. उत्तर मात्र पटलं नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेऊन बोलायचं ठरवलं. एका रशियन माणसाने एक सोळा ओळींची कविता वाचली आणि तिच्यावरून पियानोवर वाजवायची एक मोठी रचना केली. कविता रात्रीच्या वाऱ्याची. रचनेत गायक नाही, कवितेचा एकही शब्द ऐकू येत नाही. तरी ती कवितेचीच रचना आहे. हे कसं जमलं, आणि ती रचना शंभर वर्षं ओलांडून आपल्यापर्यंत कुणामुळे पोचली, या दोन गोष्टी आज सांगते. दुसऱ्या गोष्टीत आपल्या देशातलं म्हैसूरही येणार आहे.

आधी कविता

कवीचं नाव फ्योदर त्युत्चेव. जन्म 1803, मृत्यू 1873. नोकरी रशियाच्या परराष्ट्र खात्यात. वीस वर्षांहून जास्त काळ ते परदेशात राहिले, बहुतेक जर्मनीत म्युनिक शहरात. कविता करायचे, पण छापायची हौस नव्हती. त्यांच्या कविता साधारण चारशेच्या आसपास, आणि बहुतेक अगदी लहान. 1836 साली एका मित्राने त्यांच्या कविता म्युनिकहून मागवून घेतल्या आणि त्या पुश्किन या रशियाच्या थोर कवीपर्यंत पोचल्या. पुश्किन तेव्हा एक त्रैमासिक चालवत होते, त्यात त्या छापून आल्या. वाऱ्याची कविता त्यातलीच.

कवितेत काय आहे ते माझ्या शब्दांत सांगते. कवी रात्री वाऱ्याशी बोलतो. त्याला विचारतो, तू कशासाठी असा रडतोस, कशाची तक्रार करतोस? तुझा आवाज कधी दबका होतो, कधी एकदम चढतो. तू बोलतोस ती भाषा मनाला कळते, पण दुःख कसलं आहे ते मात्र कळत नाही. मग कवी त्याला विनवतो, ते जुने भयाण गाणं गाऊ नकोस. जग घडण्याच्या आधी जो गोंधळ होता, त्याचं ते गाणं. गंमत अशी, की माणसाचं मन रात्री तेच गाणं आवडीने ऐकत असतं. त्याला शरीर सोडून त्या अफाटात मिसळून जावंसं वाटतं. म्हणून शेवटी कवी म्हणतो, निजलेली वादळं जागी करू नकोस, कारण त्यांच्या खाली तो गोंधळ अजून हलतो आहे.

मैत्रिणींनो, आता सांगा, हे आपल्याला अनोळखी आहे का? वैशाखातल्या रात्री वीज गेलेली असते, पत्रे थडथडतात, दाराची कडी आपोआप वाजते, बांधावरचं झाड घुमायला लागतं. दिवसभर कामाच्या रगाड्यात जे आठवत नाही ते नेमकं तेव्हा वर येतं. गेलेली माणसं आठवतात, राहून गेलेल्या गोष्टी आठवतात. भीती वाटते आणि तरी कान तिकडेच लागलेला असतो. त्युत्चेव यांनी हीच अवस्था पकडली आहे.

रचना करणारा माणूस

त्यांचं नाव निकोलाय मेटनर. जन्म 1880 च्या जानेवारीत, मॉस्को शहरात. पियानोचे पहिले धडे त्यांना आईने दिले, तेही थोडेथोडके दिवस नाही, दहा वर्षांचे होईपर्यंत. मग ते मॉस्कोच्या मोठ्या संगीत विद्यालयात गेले आणि 1900 साली सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. गावोगाव मैफली करून नाव आणि पैसा मिळवायचा रस्ता समोर मोकळा होता. त्यांनी तो सोडला आणि रचना करायच्या असं ठरवलं. पुढे त्यांनी पियानोसाठी 14 सोनाटा लिहिल्या आणि शंभराहून जास्त कवितांना चाली लावल्या.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. कवितेला चाल लावून ती गायला देणं त्यांना उत्तम येत होतं. त्युत्चेव यांच्याच इतर कवितांना त्यांनी त्याच सुमारास चाली लावल्या. मग वाऱ्याच्या कवितेचंही गाणं करता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. 1911 साली पूर्ण झालेल्या या सोनाटाच्या छापील प्रतीवर त्यांनी कविता सुरुवातीला दिली आणि पुढचं सगळं बोलणं पियानोवर सोपवलं. म्हणजे शब्द वाजवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतात, ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त सूर पडतात. कवितेवरून या रचनेला ‘रात्रीचा वारा’ असंच नाव पडलं.

असं का केलं असेल? मला वाटतं, उत्तर कवितेतच आहे. वाऱ्याची भाषा मनाला कळते पण तिचा अर्थ सांगता येत नाही, असं कवी म्हणतो. मग जी भाषा शब्दांत मावत नाही ती दाखवायला शब्द नसलेलं वाद्यच बरं.

पियानो आणि सोनाटा म्हणजे काय

आपल्याकडे भजनाला पेटी असते. पियानोच्या पट्ट्या पेटीसारख्याच दिसतात, काळ्या आणि पांढऱ्या, पण संख्येने 88. आतली रचना मात्र अगदी वेगळी. पेटीत भात्याची हवा पत्तीतून जाते, म्हणून भाता हलता असेपर्यंत सूर लांबवता येतो. पियानोत दोनशेहून जास्त तारा ताणलेल्या असतात. पट्टी दाबली की आत नमद्याचं आवरण असलेली लाकडी हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. तार वाजते, आणि वाजल्या क्षणापासून तिचा आवाज विरायला लागतो. तो सूर नंतर फुगवता येत नाही.

आता अडचण लक्षात घ्या. वारा तर सलग वाहतो, चढतो, उतरतो. पियानोचा सूर मात्र ठोकल्याबरोबर मरायला लागतो. अशा वाद्यावर वारा आणायचा कसा? उपाय दोन. पहिला, बोटं इतकी भरभर चालवायची की एक सूर विरायच्या आत पुढचे दहा सूर यावेत. पावसाचे थेंब सुटे असतात, पण सर आली की आपल्याला एकच आवाज ऐकू येतो, तसं. दुसरा उपाय पायात. पियानोला खाली पायाने दाबायची दांडी असते, तिला पेडल म्हणतात. उजवं पेडल दाबलं की तारांवर बसलेले दाबपट्टे उचलले जातात, तारा मोकळ्या होतात आणि सूर एकमेकांत मिसळून घुमत राहतात. हात सरी पाडतात, पाय घुमारा धरून ठेवतो. वारा तयार होतो तो असा.

आता सोनाटा. हा इटलीतला शब्द, अर्थ साधा आहे, ‘वाजवायची गोष्ट’. गायच्या रचनेला त्यांनी दुसरा शब्द ठेवला, वाजवायच्या रचनेला हा. पुढे सोनाटाची एक घडण ठरून गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर ती माहेर-सासरची गोष्ट आहे. पहिली सुरावट येते ती आपल्या मूळ स्वरात, म्हणजे माहेरी. मग दुसरी सुरावट येते, ती दुसऱ्या स्वरात असते, म्हणजे परक्या घरी. नंतर मधला मोठा भाग असतो. त्यात दोघींची ओढाताण होते, तुकडे पडतात, वळणं येतात, अनोळखी मुलूख लागतो. आणि शेवटी दोन्ही सुरावटी मूळ स्वरात परत येतात. सूर तेच असतात, पण मधलं सगळं ऐकून झाल्यामुळे ते आपल्याला वेगळे वाटतात. लेक माहेरी परत येते तेव्हा घर तेच असतं, ती मात्र तीच राहिलेली नसते.

कविता सुरांत कशी उतरली

मेटनर यांची ही सोनाटा साधारण अर्ध्या तासाची किंवा थोडी जास्तच आहे, आणि ती मध्ये न थांबता वाजते. सोनाटाचे सहसा तीन-चार सुटे भाग असतात, मध्ये श्वास घ्यायला उसंत असते. इथे ती नाही. वाऱ्याला कुठे उसंत असते?

सुरुवातीला एक छोटी हाक येते. दोन-चार सुरांची, खाली उतरणारी. ती हाक मनात धरून ठेवायची. कवितेची सुरुवात वाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाने होते, आणि मला ही हाक त्या प्रश्नासारखीच वाटते. पुढे ती पुन्हा पुन्हा भेटते. कधी उघड, कधी दुसऱ्या सुरांच्या आड.

मग मोठा प्रवाह सुरू होतो. इथे मेटनर यांनी तालाची एक युक्ती केली आहे. आपल्या भजनी ठेक्याच्या मात्रा आठ. दादऱ्याच्या सहा. हात आपोआप पडतात, चूक होत नाही. या सोनाटात एका आवर्तनात पंधरा लहान मात्रा आहेत, तीन-तीनच्या पाच जोड्या. तबलेवाल्यांना पंधरा मात्रांची पंचम सवारी ठाऊक असते, पण तिची विभागणी वेगळी. इथे तीनचा झोका तर लागतो, दादऱ्यासारखा, पण झोके पाच असल्यामुळे टाळी आपल्या अंदाजाला सापडत नाही. आता सम येईल असं वाटतं आणि अजून एक झोका शिल्लक असतो. झाडाची फांदी वाऱ्यात हलते तेव्हा ती मोजून मापून हलत नाही. तसंच हे. तरी सगळं विस्कटत नाही, कारण आत हिशोब पक्का आहे.

कवितेत वाऱ्याचे दोन आवाज आहेत, एक दबका आणि एक चढा. रचनेतही कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत आवाज वरखाली होतो. आणि दोन्ही हातांत एकाच वेळी अनेक धागे चाललेले असतात. डावा हात नुसती साथ करत नाही, त्याचंही स्वतःचं सांगणं असतं. म्हणून ही रचना वाजवायला फार अवघड समजली जाते. भले भले वादक तिच्या वाटेला जात नाहीत.

अर्धी वाट सरल्यावर आणखी एक गोष्ट घडते. पहिला मोठा भाग घडणीत बांधलेला, माहेर-सासरचा नियम पाळणारा आहे. दुसरा मोठा भाग मात्र मोकळा सुटतो आणि तो उभा राहतो सुरुवातीच्या भागातल्या सुरांवर. म्हणजे आपण जिला नुसती सुरुवात समजलो होतो, तिच्याच पोटात वादळ दडलेलं होतं. कविता शेवटी हेच म्हणते ना? निजलेल्याच्या खाली काही तरी हलतं आहे. कवीने ते सांगितलं. मेटनर यांनी ते सांगितलं नाही, घडवून दाखवलं. ऐकणाऱ्याला अर्ध्या तासात ते अनुभवाला येतं.

म्हणून त्या ताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. शब्द नसलेलं संगीत गोष्ट सांगत नाही, म्हणजे अमुक माणूस तमुक ठिकाणी गेला असं काही त्यातून कळणार नाही. पण हाक, वाट पाहणं, भीती, ओढ, दूर जाणं, परत येणं हे सगळं ते शब्दांवाचून पोचवतं. बाळाला झोपवताना आपण नुसतं ‘अं अं’ करतो, तेव्हा बाळाला कुठला शब्द कळतो? तरी ते निजतं. पिठाचा घास संपला की जातं वेगळं वाजतं, ते आपल्याला न बघता समजतं. कान आपले तयारच आहेत. फक्त ‘हे आपल्यासाठी नाही’ हे कुणी तरी मनात घालून दिलेलं असतं, तेवढं काढून ठेवायचं.

रचना लिहून झाली, पुढे काय?

ही सोनाटा मेटनर यांनी सर्गेई रखमानिनोव्ह यांना अर्पण केली. रखमानिनोव्ह म्हणजे त्या काळचे जगप्रसिद्ध पियानोवादक आणि रचनाकार. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. पुढे रखमानिनोव्ह यांनीही आपली एक मोठी रचना मेटनर यांना अर्पण केली.

पण दोघांचं नशीब सारखं नव्हतं. रशियात क्रांती झाली. 1921 मध्ये मेटनर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅना देश सोडून निघाले. आधी जर्मनी, मग फ्रान्स, आणि 1935 पासून लंडन. मधल्या काळात रखमानिनोव्ह यांनी खटपट करून त्यांना अमेरिकेचा मैफलींचा दौरा मिळवून दिला. पण मेटनर यांना बाजाराची नस कधी सापडली नाही, आणि खरं तर त्यांना ती शोधायचीच नव्हती. नवी तऱ्हा आली म्हणून आपण बदलायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यावर त्यांनी एक पुस्तकही लिहिलं आणि ते छापायला रखमानिनोव्हच पुढे आले.

मग दुसरं महायुद्ध आलं. मेटनर यांना थोडंफार उत्पन्न जर्मनीतल्या प्रकाशकांकडून यायचं. युद्धाने ते बंद झालं. लंडनवर बॉम्ब पडू लागले. वय साठीचं, त्यात हृदयाचं दुखणं.

इथे एक बाई पुढे आल्या. एडना आइल्स त्यांचं नाव. इंग्लंडमधल्या पियानोवादक, मेटनर यांच्या रचना मनापासून वाजवणाऱ्या. मेटनर पती-पत्नींना त्यांनी लंडनबाहेर, वॉरविकशर भागात आपल्या घरच्यांकडे आसरा दिला. तिथे मेटनर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांची देखभाल याच घराने केली. आणि त्याच दिवसांत मेटनर यांनी पियानो आणि वाद्यवृंदासाठी आपली तिसरी मोठी रचना लिहून पूर्ण केली. ती 1944 च्या फेब्रुवारीत लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. दुसऱ्याचं पोट, औषध आणि झोप कुणी सांभाळली, हे रचनेच्या पहिल्या पानावर छापलं जात नाही. पण ते सांभाळलं नसतं तर पहिलं पानच झालं नसतं.

आइल्स यांनी मेटनर यांची पत्रं आणि कागदही जपून ठेवले. त्यांच्या नावाचा तो संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

म्हैसूरहून आलेली मदत

आता आपल्या देशाकडे येऊ. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार 1940 साली गादीवर बसले, तेव्हा ते विशीत होते. कर्नाटक संगीताचे ते मोठे जाणकार आणि स्वतः कृती रचणारे. त्याचबरोबर पियानोचाही त्यांनी रीतसर अभ्यास केला होता. त्यांना मेटनर यांचं संगीत फार भावलं. हा माणूस परमुलखात आजारी आहे, त्याच्या रचना त्याच्या स्वतःच्या हातच्या नोंदवून ठेवायला हव्यात, हे त्यांच्या ध्यानात आलं. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या पैशातून लंडनमध्ये ‘मेटनर सोसायटी’ उभी राहिली आणि मेटनर यांच्या वादनाच्या तबकड्या काढण्यात आल्या. त्यांच्या तिन्ही मोठ्या वाद्यवृंद रचना, काही गाणी, पियानोच्या काही रचना त्यांच्या हयातीतच ध्वनिमुद्रित झाल्या. कृतज्ञता म्हणून मेटनर यांनी ती युद्धकाळातली तिसरी रचना म्हैसूरच्या महाराजांना अर्पण केली.

रात्रीच्या वाऱ्याची सोनाटा मात्र त्या तबकड्यांत नाही. 1951 च्या नोव्हेंबरमध्ये लंडनमध्येच मेटनर वारले. त्यांच्या हातचा तो वारा आता कुणालाच ऐकता येणार नाही. जपायला थोडा उशीर झाला की काय जातं, त्याचं हे उदाहरण.

उरलेलं काम अ‍ॅनाबाईंनी केलं. पतीच्या मागे त्या सगळे कागद घेऊन मॉस्कोला परतल्या. ज्या देशातून तीन दशकांहून आधी निघावं लागलं होतं, तिथेच 1959 ते 1963 या काळात मेटनर यांच्या समग्र रचना 12 खंडांत छापल्या गेल्या. सोनाटा पुन्हा वादकांच्या हातात पडली.

पुढे तिचं संपूर्ण ध्वनिमुद्रण करणाऱ्यांत जेफ्री टोझर हे ऑस्ट्रेलियाचे वादक होते. त्यांचा जन्म 1954 सालचा, आपल्या मसुरीचा. आणि त्यांचेही पहिले गुरू कोण? त्यांची आई. कॅनडाचे मार्क-आंद्रे हामलँ यांनी तर मेटनर यांच्या सगळ्या सोनाटा वाजवून ध्वनिमुद्रित केल्या आहेत. आणखी एक आपल्याकडचा धागा सांगते. मुंबईच्या पारशी वडिलांचे पुत्र, इंग्लंडमध्ये जन्मलेले रचनाकार कैखुश्रू सोराबजी यांनी या सोनाटाची फार मोठी वाखाणणी केली होती, आणि तीही मेटनर यांना फारसं कुणी विचारत नव्हतं त्या काळात.

ऐकायचं कसं

आज हे ऐकायला शहरात जावं लागत नाही. गटातल्या एकीकडे तरी स्मार्टफोन असतोच. फोनला तोंडाने सांगा, ‘मेटनर नाइट विंड सोनाटा’. टोझर किंवा हामलँ यांचं वादन सापडेल. फोन स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात उभा ठेवला तर आवाज मोठा येतो, पण पियानोचे बारीक सूर बिघडतात. त्यापेक्षा छोटा स्पीकर जोडा.

पहिल्याच दिवशी अर्धा तास ऐकायचा हट्ट नको. सुरुवातीची पाच-सात मिनिटं ऐका. दिवसा नाही, रात्रीची भांडी झाल्यावर, दिवा बारीक करून. तीन गोष्टींकडे कान ठेवा. पहिली, सुरुवातीची हाक, ती पुढे कुठे कुठे परत येते. दुसरी, टाळी धरायचा प्रयत्न करा आणि ती कशी निसटते ते बघा. तिसरी, आवाज सगळ्यात खाली उतरतो तेव्हा तुम्हाला काय आठवतं. या तिसऱ्याचं उत्तर प्रत्येकीचं वेगळं येईल आणि कुणाचंच चुकीचं नसेल. आवडलं नाही तरी काही बिघडत नाही. पण ऐकून मग नाही म्हणायचं. न ऐकता नाही म्हणायचं नाही.

आपल्या घरचा वारा

शेवटी एक कामाची गोष्ट. या सगळ्यातून मला एक हिशोब दिसतो. कविता टिकली, कारण एका मित्राने ती मागवून घेतली. रचना टिकली, कारण कुणी आसरा दिला, कुणी पैसा दिला, कुणी कागदांची पेटी सांभाळून परत नेली. करणारा एक असतो, जपणारे पाच-दहा लागतात. आणि जपायचं काम आपल्याला नवं नाही. गटाचं रजिस्टर, पासबुकं, इतिवृत्त हे आपण वर्षानुवर्षं जपतोच.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो. आता जातीच कोपऱ्यात गेली. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सोबत्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून तेवढ्या तरी राहिल्या. पण प्रत्येक गावात अजून एखादी आजी अशी असेल, जिच्या ओव्या कुणीच टिपलेल्या नाहीत. ओवीचे शब्द वहीत उतरतात. चाल उतरत नाही. गळा गेला की चाल गेली. मेटनर यांच्या हातचा वारा गेला तसाच.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत ठराव घ्या. प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या एका आजीकडे जायचं, तिची परवानगी घेऊन दहा ओव्या फोनवर टिपायच्या. आजीचं नाव, गाव आणि तारीख सुरुवातीला बोलून घ्यायची, म्हणजे पुढे घोळ होत नाही. आवाज एकीच्याच फोनमध्ये ठेवू नका, दोघीतिघींकडे ठेवा. फोन पडतो, हरवतो. आजी गाताना मध्येच नुसती गुणगुणली, शब्द विसरली, तर थांबवू नका. ते गुणगुणणंही टिपा. शब्दांशिवाय काय काय सांगता येतं, ते तर आज आपण पाहिलंच.

टिपलेल्या ओव्या रेडिओ केंद्रावर आणून द्या. आपण त्या आजीच्या नावासकट ऐकवू.